जिताडा गेला, टोक उरलं: खाडीवरच्या चार गाठींचं प्रकरण

टेबलावर पांढरा कागद, त्यावर दोऱ्याची तीन टोकं आणि शेजारी एक रीळ. पहिलं टोक हिरव्या ब्रेडेड, म्हणजे बारीक तंतू विणून केलेल्या दोऱ्याचं. कात्रीने कापल्यासारखं सरळ, एकही तंतू सुटलेला नाही, फक्त शेवटच्या चार बोटांत बारीक लहरी. दुसरं फ्लुरोकार्बनचं, म्हणजे कडक, एकसंध प्लास्टिकच्या दोऱ्याचं, काकडीच्या वेलाला तणावा फुटावा तसं गोल गोल वळलेलं. तिसरं साध्या तंगुसाचं, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्याचं, टोकाशी पांढरट पडलेलं आणि नखाला कडक लागणारं. रिळावर दोरा पूर्ण भरलेला आहे, कुठेही तुटलेला नाही. पण स्पूल, म्हणजे रिळाची दोरा गुंडाळायची चकरी, धरून दोरा ओढला की दोऱ्याचा अख्खा गठ्ठा स्पूलवर गरगर फिरतो.

हे चारही पुरावे एकाच संध्याकाळचे. प्रकरणातला गरवणारा, म्हणजे गळाने मासे धरणारा, मात्र कोणी एक माणूस नाही. खाडीकाठच्या जेट्ट्यांवर दर मोसमात ज्या चुका दिसतात त्या इथे एकाच्या हातात आणि एका संध्याकाळीत आणून ठेवल्या आहेत, म्हणजे कारणं शेजारी शेजारी ठेवून पाहता येतात.

काय घडलं

ठिकाण रेवदंड्याची खाडी, कुंडलिका समुद्राला मिळते तिथली. पावसाळा संपून पाणी निवळायला लागलेला ऑक्टोबर, पौर्णिमेजवळचं उधाण, भरती भरून ओहोटी लागण्याची वेळ. उतरत्या पाण्याबरोबर कोळंबी आणि लहान बोयी वाहून येतात आणि जिताडा खडकाच्या आडोशाला त्यांची वाट पाहत थांबतो. हे खडक कालवांनी भरलेले असतात. कालवाची कड ब्लेडइतकी धारदार असते, हे अनवाणी पाय टाकलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

गरवणाऱ्याकडे तीन रॉड. पहिला ८ फुटी स्पिनिंग रॉड, ४००० मापाचं रीळ, त्यावर ४० पौंडी, म्हणजे सुमारे १८ किलोचा ब्रेडेड दोरा, पुढे एक मीटर ४० पौंडी फ्लुरोकार्बनचा लीडर, म्हणजे मुख्य दोऱ्याला जोडलेला शेवटचा तुकडा, आणि लीडरच्या टोकाला माशाच्या आकाराचा १२ सेंटिमीटरचा ल्युअर, म्हणजे खोटं आमिष. दुसरा रॉड तळाच्या गरवणीसाठी: ०.४५ मिलिमीटरचं तंगूस, ६० ग्रॅमचं शिसं, वर दोन गळ, आमिष कोळंबीचं. तिसऱ्या रिळावर त्याच आठवड्यात नवा ब्रेडेड दोरा भरलेला.

पहिल्या रॉडवर जिताड्याने ल्युअर घेतला. रॉड वाकला, रीळ वाजायच्या आत सगळं सैल. लीडरसकट ल्युअर गेला, हातात ब्रेडेडचं टोक आलं. नवा लीडर आणि नवा ल्युअर बांधला. पुढच्या माशाने पाण्याबाहेर उसळी मारून डोकं झटकलं आणि या वेळी नुसता ल्युअर गेला, लीडर परत आला. तळाच्या रॉडला चांगला मोठा शिंगाळा लागला, तो जेट्टीला खेटून वर उचलताना गळाजवळ तंगूस तुटलं. शेवटी तिसरा रॉड काढला, तर मासा लागल्यावर ड्रॅग, म्हणजे ठरावीक ताणालाच दोरा सोडणारा रिळाचा ब्रेक, कितीही आवळला तरी दोरा जातच राहिला आणि मासा खडकात शिरला.

"दोराच खराब निघाला," हा जेट्टीवरचा नेहमीचा निकाल. या चार पुराव्यांपैकी एकही पुरावा तो निकाल मान्य करत नाही.

टोक वाचायचं कसं

दोरा तुटला की पहिलं काम म्हणजे टोक जपून ठेवणं. ते फेकून दिलं तर कारणही गेलं.

ब्रेडेड दोरा ताणाने तुटला तर त्याचे तंतू वेगवेगळ्या लांबीवर तुटतात आणि टोक कुंच्यासारखं पिंजतं. इथलं टोक नीट कापलेलं होतं, म्हणजे गाठ बांधताना कात्रीने कापलेलं तेच टोक परत आलं. दोरा तुटलाच नव्हता, गाठीतून सरकून बाहेर आला होता. शेवटच्या चार बोटांतल्या लहरी म्हणजे गाठीतल्या वेढ्यांचे ठसे. आणखी एक खूण आहे. रीळ वाजलं नाही. ड्रॅग दोऱ्याच्या ताकदीच्या चौथ्या हिश्श्यावर, ४.५ किलोच्या आसपास लावलेला होता. म्हणजे १८ किलोचा दोरा बांधलेली गाठ ४.५ किलोच्याही आत सुटली.

फ्लुरोकार्बनचं वळलेलं टोकही सरकण्याचीच खूण आहे. कात्रीच्या पात्यावरून रिबीन ओढली की ती वळते, तसा जाड, ताठ दोरा आवळलेल्या वेढ्यांतून ओढला गेला की वळतो. असं टोक दिसलं की दोऱ्याला दोष देऊ नये. गाठ पूर्ण बसलेली नव्हती, किंवा शेपूट, म्हणजे गाठीबाहेर उरलेलं टोक, फार जवळ कापलं होतं.

तंगुसाचं पांढरट, कडक टोक मात्र खरं तुटलेलं आहे, आणि तुटलं ते गाठीच्या पहिल्या वेढ्यातच. कोरडी गाठ झटक्याने आवळली की दोऱ्यावर दोरा घासतो, तिथे उष्णता होते आणि नायलॉनचा पृष्ठभाग दुखावतो. नायलॉन वितळायला २०० अंशांच्या पुढे जावं लागतं, पण दुखापतीसाठी वितळण्याची गरज नसते. तेवढ्या जागी दोरा ताणून बारीक होतो आणि पुढचा झटका तिथेच बसतो.

या संध्याकाळी न दिसलेलं एक टोकही ओळखून ठेवावं. शेवटचे वीस-तीस सेंटिमीटर खरखरीत, बोट फिरवलं की ओरखडे लागतात आणि टोक तिरकं कापलेलं, असं असेल तर तो कालवांचा किंवा माशाचा प्रताप. जिताड्याला सुरमईसारखे कातरणारे दात नसतात, पण त्याच्या तोंडाचा आतला भाग कानशीसारखा असतो आणि कल्ल्यांच्या झाकणाची कड धारदार असते. तिथे गाठ बदलून काही होत नाही, लीडर जाड करावा लागतो. सुरमई असेल तर फ्लुरोकार्बन कितीही जाड घ्या, दातांपुढे भरवसा नाही. पुढे १५-२० सेंटिमीटर तारच लागते, आणि तारेला गाठ न मारता पीळ देतात.

एकच गाठ, चार ठिकाणी

चारही ठिकाणची गाठ तपासली तर मूळ एकच निघतं. हा गरवणारा तंगुसावर शिकलेला. त्याला क्लिंच येते: दोरा गळाच्या नेढ्यातून घालायचा, मुख्य दोऱ्याभोवती पाच-सहा वेढे, टोक नेढ्यालगतच्या घेरातून परत, मग नव्या मोठ्या घेरातून आणि आवळायचं. ०.२५ ते ०.३५ च्या तंगुसाला ही गाठ उत्तम आहे आणि कितीतरी लोकांनी आयुष्यभर त्याच गाठीवर मासे काढले आहेत. ब्रेडेडला लीडर जोडण्यासाठी त्याने ब्लड नॉट वापरली. पण ती तरी काय, समोरासमोर ठेवलेल्या दोन क्लिंचच. ल्युअरला क्लिंच. गळाला क्लिंच. स्पूलवर दोरा लावतानाही तिचंच एक रूप.

गाठ म्हणजे घर्षण. वेढे दोऱ्याला दाबतात, दोरा खडबडीत किंवा मऊ असेल तर तो दाब धरतो. तंगूस म्हणजे नायलॉन: ते थोडं दबतं, थोडं ताणतं, म्हणून वेढे त्यात रुततात. ब्रेडेड दोरा पॉलिथिलिनचा असतो. हा पदार्थ इतका गुळगुळीत आहे की तंगुसाला पुरणारे पाच वेढे त्याला धरू शकत नाहीत. शिवाय तो जवळजवळ ताणतच नाही, म्हणून झटका पचवायला काही उरत नाही आणि सगळा भार गाठीवर येतो. वितळतोही लवकर, सुमारे १४५ ते १५० अंशांना. पॉलिथिलिनचा दोरा गरवण्यात आला तो १९९० च्या दशकात. क्लिंच त्याआधीची, नायलॉनच्या जमान्यातली.

फ्लुरोकार्बनची अडचण उलटी आहे. तो कडक आणि ताठ. ४० पौंडी दोरा अर्ध्या मिलिमीटरहून जाड असतो. त्याचे पाच वेढे हाताने ओढून एकमेकांवर बसतच नाहीत. गाठ बसली असं वाटतं, पण आतले वेढे सैल राहतात. साधारण २५ पौंडांच्या वरच्या लीडरला क्लिंच घालूच नये.

ब्रेडेड आणि लीडर: एफजी

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवणं योग्य, कारण फेकताना रॉडच्या कड्यांतून हीच गाठ दर वेळी जाते आणि माशाचा पूर्ण भारही हिच्यावरच.

एफजी गाठीत लीडर कुठेही वाकत नाही. तो सरळ राहतो आणि ब्रेडेड दोरा त्याच्याभोवती वेणीसारखा विणला जातो. ओढलं की वीण आवळते, जितकं ओढाल तितकी जास्त. गुळगुळीत दोऱ्याला गाठ मारण्याऐवजी त्यालाच पकड करायला लावलं आहे, ही तिची युक्ती. लीडरची घडी नसल्याने जोड बारीक राहतो आणि कड्यांना आपटत नाही.

बांधताना ब्रेडेड दोरा सतत ताणलेला हवा. निम्म्या एफजी गाठी इथेच बिघडतात. रिळाची बेल (दोरा गुंडाळणारी तारेची कडी) बंद, रॉड भिंतीला टेकवलेला, कड्यांतून आलेला दोरा डाव्या करंगळीभोवती तीन-चार वेढे देऊन घट्ट, आणि मोकळं टोक दातांत किंवा उजव्या करंगळीवर. मधल्या ताणलेल्या दोऱ्यावर लीडरचं टोक आडवं ठेवायचं. ते दोऱ्याच्या वरून पलीकडे न्यायचं, खालून परत आणायचं. पुढच्या वेळी उलट्या दिशेने, खालून पलीकडे आणि वरून परत. असं एकदा वर, एकदा खाली. प्रत्येक वेळी आधीचा वेढा अंगठ्याने शेजाऱ्याला चिकटवायचा. वेढे एकमेकांवर चढले तर तेवढी जागा वाया जाते. ४० पौंडी लीडरला असे २० वेढे पुरतात. २० पौंडी बारीक लीडर असेल तर २४-२६ द्यावेत, कारण बारीक दोऱ्यावर पकडायला जागा कमी.

वेढे झाले की ताण न सोडता ब्रेडेडच्या मोकळ्या टोकाने, लीडर आणि मुख्य दोरा दोन्ही धरून, एक अर्धी गाठ. आता ओठांनी ओलं करून मुख्य दोरा आणि लीडर दोन्ही हातांनी ओढायचे, आधी हळू, मग अंगात असेल तेवढ्या जोराने. ब्रेडेड बोटाभोवती गुंडाळून ओढू नका, बोट कापतं. जुन्या कापडाच्या दोन पट्ट्या हातात घ्या. इथे एक गोष्ट डोळ्यांनी दिसते: फिकट हिरवी वीण गडद होते, ओल्या कापडासारखी. तो रंग बदलला म्हणजे दोरा लीडरमध्ये रुतला. रंग बदलत नसेल तर गाठ झालेली नाही, मग पुढचं सगळं वाया.

त्यानंतर त्याच मोकळ्या टोकाने दोन्हींवर आणखी चार-पाच अर्ध्या गाठी, एक वरून, एक खालून. सगळ्या एकाच बाजूने दिल्या तर त्यांना पीळ बसून त्या सुटतात. मग लीडरचं उरलेलं टोक वीण संपते तिथे अगदी लगत कापायचं. काही जण ते लायटरने भाजून गोळी करतात; ते करू नये. पॉलिथिलिन ज्या उष्णतेला वितळतं ती लायटरपासून एका क्षणावर असते. टोक कापल्यावर फक्त मुख्य ब्रेडेडवर चार अर्ध्या गाठी, म्हणजे लीडरच्या कापलेल्या कडेला उतार मिळतो आणि ती कडी धरत नाही. ब्रेडेडचं शेपूट ३-४ मिलिमीटर ठेवून कापा.

एफजी घरी, उजेडात बांधावी. जेट्टीवर वारा, अंधार आणि हातावर कोळंबीचा चिकटा असताना ती नीट होत नाही, आणि अर्धवट एफजी ही कुठल्याही साध्या गाठीहून वाईट. म्हणून दोन-तीन लीडर घरीच जोडून तयार ठेवणारे आहेत: दोन फूट ब्रेडेडचा तुकडा, पुढे लीडर, आणि ब्रेडेडच्या दुसऱ्या टोकाला फास, मुख्य दोऱ्यालाही फास, आणि फासात फास अडकवायचा. ते चालतं, पण कड्यांतून थोडं खडखडतं.

जागेवर नव्याने जोडायचीच वेळ आली तर दुहेरी युनी. दोन्ही दोरे एकमेकांसमोर ठेवून, प्रत्येकाच्या टोकाचा घेर करून त्या घेरातून दोन्ही दोऱ्यांभोवती वेढे घ्यायचे: ब्रेडेडचे ८, लीडरचे ४. दोन्ही गाठी ओल्या करून वेगवेगळ्या आवळायच्या, मग मुख्य दोरे ओढून एकमेकींना भिडवायच्या. वेढ्यांचा हा असमतोल मुद्दाम आहे. गुळगुळीत दोऱ्याला जास्त, ताठ दोऱ्याला कमी. दोन्हीकडे पाच-पाच दिले तर ब्रेडेड सरकतो आणि लीडर नीट बसत नाही. ब्लड नॉटमध्ये नेमकं तेच झालं होतं.

ल्युअरला: मोकळा फास

ल्युअरला घट्ट गाठ मारली की ४० पौंडी ताठ लीडर त्याच्या नाकाला धरून ठेवतो आणि ल्युअर हलायचा तसा हलत नाही. म्हणून न सरकणारा मोकळा फास.

टोकापासून १५ सेंटिमीटरवर एक साधी गाठ, सैल. टोक ल्युअरच्या कडीतून घालून त्याच सैल गाठीतून परत आणायचं, आणि ज्या बाजूने ते गाठीतून बाहेर पडलं होतं त्याच बाजूने. हीच जागा चुकते. उलट्या बाजूने घातलं तर दिसायला गाठ तशीच, पण ताणावर वेढे तिरके होतात. मग मुख्य दोऱ्याभोवती वेढे: ४० पौंडीला ४, ६० पौंडीला ३, आणि १० पौंडी बारीक दोऱ्याला ५. टोक पुन्हा सैल गाठीतून, पुन्हा त्याच बाजूने. ओलं करा. आधी फक्त शेपूट हळू ओढून वेढे गोळा करा, मग ल्युअर पक्कडीत धरून मुख्य दोरा ओढा. शेवटी शेपटाला पक्कडीने एक वेगळा झटका. प्रकरणातल्या गरवणाऱ्याने क्लिंचवर हा झटका दिला असता तर ती हातातच सुटली असती, जिताड्याच्या झटक्याची गरज पडली नसती.

फास बोटाच्या नखाएवढा पुरे. पहिली साधी गाठ जितकी कडीजवळ सरकवाल तितका फास लहान होतो. शेपूट २ मिलिमीटर तरी ठेवा. फ्लुरोकार्बन अगदी लगत कापण्याची सवय तंगुसावरून येते आणि इथे महागात पडते.

लीडर नसेल आणि ब्रेडेड थेट स्विव्हलला (फिरत्या कडीला) किंवा क्लिपला लावायचा असेल तर पालोमार. दोरा दुहेरी करून स्विव्हलच्या कडीतून घालायचा, दुहेरी दोऱ्याची साधी गाठ, मग घेरातून अख्खं स्विव्हल काढायचं, ओलं करून दोन्ही दोरे एकदम ओढायचे. कडीत दोरा दुहेरी असल्यामुळे ती सरकत नाही. चूक एकच होते: कडीत दोन दोरे एकमेकांवर चढतात आणि एकच सगळा भार घेतो. आवळण्याआधी बोटाने ते शेजारी शेजारी करून घ्या. तिनतोंडी गळांच्या ल्युअरला पालोमार घालू नका, घेरातून गळ काढताना तोच बोटात शिरतो.

तळाची गरी

शिंगाळ्याच्या बाबतीत गाठ चूक नव्हती, आवळण्याची पद्धत चूक होती. ०.४५ च्या तंगुसाला क्लिंचही चालते, पण चारच वेढ्यांची, ओली आणि हळू. आमिषाच्या गळाला मात्र स्नेल अधिक बरी, कारण ती नेढ्यावर नव्हे, गळाच्या दांडीवर बसते. नेढ्याची धारदार कड गाठीला लागतच नाही. ज्या गळांना नेढंच नसतं, नुसतं चपटं टोक असतं, त्यांना दुसरी गाठ लागतही नाही.

दोरा गळाच्या टोकाच्या बाजूने नेढ्यात घालायचा, दांडीलगत नेऊन मागे वळवायचा म्हणजे घेर होतो. त्या घेरातून मोकळं टोक घेत दांडी आणि तिला चिकटलेला दोरा यांच्याभोवती ७ वेढे. ओलं करून शेपूट धरून ठेवा आणि मुख्य दोरा ओढा. वेढे स्प्रिंगसारखे ओळीने बसले पाहिजेत. एक जरी दुसऱ्यावर चढला तर सोडून पुन्हा बांधा.

दोन गळ मुख्य दोऱ्यापासून आडवे ठेवायला ड्रॉपर फास. तंगुसाचा वाटीएवढा घेर करायचा, एका बाजूने टोक घेराच्या दोऱ्याभोवती ५-६ वेळा गुंडाळायचं, वेढ्यांच्या मधोमध बोटाने फट करायची आणि घेराची समोरची बाजू त्या फटीतून ओढून दातांत धरायची. ओलं करून मुख्य दोऱ्याची दोन्ही टोकं ओढली की फास काटकोनात उभा राहतो. आडवा पडला तर वेढे दोन्हीकडे सारखे नाहीत. शिशाला खाली साधा फास, आणि तो वरच्या दोऱ्यापेक्षा बारीक तंगुसाचा, ०.३५ चा. कालवांत शिसं अडकलं की तेवढंच तुटावं आणि गळ, मासा परत यावेत.

आणि जेट्टीवर मासा दोऱ्याने उचलू नये. पाण्यात तोलला जाणारा मासा हवेत आला की त्याचं पूर्ण वजन गाठीवर लटकतं, आणि फडफडीचा झटका वेगळा. दांड्याची जाळी किंवा लांब दांड्याची आकडी जवळ असू द्या.

स्पूल

तिसऱ्या रिळात तुटलं काहीच नाही, म्हणून हे कारण शेवटपर्यंत सापडत नाही. ड्रॅग स्पूलला धरतो, दोऱ्याला नाही. ब्रेडेड थेट धातूच्या गुळगुळीत स्पूलवर गुंडाळला तर दोऱ्याचा गठ्ठा स्पूलवरच फिरतो आणि ड्रॅग आवळून उपयोग होत नाही. उपाय सोपा: आधी ०.३० च्या तंगुसाचे १०-१५ वेढे, आणि तंगूस स्पूलला आर्बर गाठीने, म्हणजे स्पूलभोवती फिरवलेल्या दोऱ्यावर सुरगाठ आणि टोकाला एक साधी गाठ. तंगूस धातूला धरतं. त्याला ब्रेडेड दुहेरी युनीने जोडून वर ताणात भरायचा. कोरड्या कापडात धरून ओढत भरला तरी चालतो. सैल भरलेला ब्रेडेड पहिल्या मोठ्या माशाला आपल्याच वेढ्यांत रुततो, पुढच्या फेकीला अडकतो आणि ल्युअर हवेतच तुटून जातो.

दोरा कमी होत जातो तसा ड्रॅग आपोआप वाढतो, हेही ध्यानात ठेवा. गुंडाळीचा व्यास निम्मा झाला तर दोऱ्यावरचा ताण जवळपास दुप्पट होतो. मासा लांब गेल्यावर ड्रॅग सैल करायचा असतो. बहुतेक जण नेमके तेव्हाच आवळतात.

घरी चाचणी

कुठली गाठ चांगली यावर वाद घालण्यापेक्षा दोन गाठी एकमेकींविरुद्ध लावाव्यात. एका मीटर दोऱ्याच्या दोन टोकांना दोन मजबूत कड्या, एकीला एक गाठ, दुसरीला दुसरी. एक कडी खिळ्याला, दुसरी सामान मोजायच्या काट्याला. हळू, सारख्या वेगाने ओढा. जी आधी जाईल ती हरली. असं निदान पाच वेळा, प्रत्येक वेळी नवी गाठ. एका निकालावर काही ठरवू नका, कारण पहिल्या वेळी हरलेली बऱ्याचदा नुसती नीट बांधलेली नसते. दोरा आधी दहा मिनिटं पाण्यात ठेवा; भिजलेलं नायलॉन थोडं अशक्त होतं आणि मासा काही कोरड्यात लागत नाही. डोळ्यांना चष्मा लावा, तुटलेली कडी गोळीसारखी येते. ड्रॅगही याच काट्यावर लावा: रॉड वाकवून, कड्यांतून आलेल्या दोऱ्याला काटा लावून, ४.५ किलोला रीळ वाजायला लागेल असा.

पुन्हा तीच जेट्टी

पुढच्या उधाणाला, अमावास्येच्या आसपास, तोच रॉड: स्पूलवर तंगूस, वर ब्रेडेड, एफजी, ४० पौंडी लीडर, मोकळा फास. ल्युअर खडकात अडकतो. इथे रॉड वर करून झटके देऊ नयेत. रॉड दोऱ्याच्या सरळ रेषेत धरायचा, ब्रेडेड हाताला नव्हे, लाकडाच्या दांडक्याला चार वेढे देऊन मागे मागे चालायचं. दोरा ताणतो, शिटी वाजवतो, तुटतो. परत येतो तो ब्रेडेड, एफजी आणि पूर्ण लीडर. गेला फक्त ल्युअर, फासाच्या गाठीत तुटून. एफजीची वीण गडद, जशीच्या तशी.

लीडरचं टोक तपासायचं. शेवटच्या वीस सेंटिमीटरवर कालवांचे ओरखडे बोटाला लागतात, तेवढा तुकडा कापून टाकायचा. लीडर ६० सेंटिमीटरहून लहान झाला की घरी जाऊन नवा. कापलेले तुकडे खिशातल्या रिकाम्या बाटलीत. जेट्टीवर टाकलेलं तंगूस बगळ्यांच्या पायात अडकतं. मग नवा ल्युअर, १५ सेंटिमीटरवर सैल गाठ, चार वेढे, ओलं करून हळू, आणि शेपटाला पक्कडीने झटका. पाणी अजून उतरतं आहे.